पॉवर प्रेसवर बोटं गेली आणि ईएसआयचं कार्ड दुसऱ्या दिवशी निघालं, तर हक्क राहतो का?

प्रश्न असा आला आहे: "माझा मावसभाऊ, वय २६, भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून आठ महिने ऑपरेटर आहे. सेकंड शिफ्टला प्रेसचा डबल स्ट्रोक पडला आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. मालकाने खासगी दवाखान्यात नेलं, बिलही भरलं. पण ईएसआयचं कार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशी काढलं आणि कामाला लागल्याची तारीखही तीच टाकली. आता ठेकेदार म्हणतो, साठ हजार घे, या कागदावर सही कर आणि गावाला जा. सही करावी का? मी युनियनचा मेंबर आहे, तो नाही."

सही करू देऊ नका. बाकीचं निवांत वाचा, पण एवढं त्याला आजच फोन करून सांगा. आणि तो मेंबर नाही म्हणून संकोच करू नका. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, आज जो माणूस उभा आहे तो बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचाच आहे. त्याला वाऱ्यावर सोडून संघटनेने फक्त परमनंट लोकांच्या कराराचं बघत बसायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

आधी पैशाचा हिशोब करू, कारण साठ हजार हा आकडा दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या माणसाला फार मोठा वाटतो. घरी हप्ते थकलेले असतात, आईवडील घाबरलेले असतात. ठेकेदार नेमका तेव्हाच येतो.

कामावर झालेल्या अपघातासाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची कामगार विमा योजना, दोन वेगवेगळे लाभ देते. पहिला तात्पुरत्या अपंगत्वाचा. माणूस कामावर जाऊ शकत नाही तोपर्यंत, म्हणजे डॉक्टर फिट सर्टिफिकेट देईपर्यंत, सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेलं असावं एवढीच अट आहे. इतके दिवस वर्गणी भरलेली हवी, इतके महिने नोकरी हवी, असली कुठलीही अट अपघाताच्या लाभाला नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी पहिल्याच तासाला बोट गेलं तरी हक्क आहे. "त्याचे अजून सहा महिने भरले नाहीत" असं ऑफिसातला माणूस सांगतो, ते खोटं आहे.

दुसरा लाभ कायमच्या अपंगत्वाचा, आणि लोकांना कळत नाही तो हाच. जखम भरल्यावर मेडिकल बोर्ड बसतं आणि कमाई करण्याची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं. तेवढे टक्के त्या ९० टक्के दराला लावतात आणि ती रक्कम पेन्शनसारखी दर महिन्याला, माणूस जिवंत असेपर्यंत मिळते. तो पुन्हा कामाला लागला तरी मिळते, दुसऱ्या कंपनीत गेला तरी मिळते, गावाला जाऊन शेती केली तरी मिळते.

टक्के किती ते कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. एकटी तर्जनी मुळापासून गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. मधलं बोट पूर्ण गेलं तर १२. अनामिका किंवा करंगळी पूर्ण गेली तर ७. हाड न जाता नुसतं बोटाचं टोक छाटलं गेलं तरी तर्जनीला ५ आणि मधल्या बोटाला ४ टक्के आहेत. हे आकडे लिहून ठेवा, कारण टोक गेलेल्या मुलांना "हे काही अपंगत्व नाही" म्हणून परत पाठवलं जातं.

आता तुमच्या भावाचं गणित. त्याचा सरासरी रोज ६०० रुपये धरू. ९० टक्के म्हणजे ५४०. बरा होईपर्यंत दिवसाला ५४० रुपये. पुढे बोर्डाने दोन बोटांचे २० टक्के धरले, तर दिवसाला १०८ रुपये. तीस दिवसांच्या महिन्याला ३,२४० आणि वर्षाला ३९,४२०. म्हणजे ठेकेदाराचे साठ हजार साधारण दीड वर्षात भरून निघतात. भाऊ २६ वर्षांचा आहे. साठीपर्यंतच मोजलं तरी १३ लाखांच्या वर रक्कम होते, आणि साठीनंतरही ती थांबत नाही. महागाई बघून महामंडळ जुन्या पेन्शनमध्ये मधून मधून वाढही करतं. हे गणित कागदावर मांडून त्याच्या वडिलांसमोर ठेवा. सही करायला बहुतेक वेळा घरचेच सांगतात, ते वाईट म्हणून नाही, त्यांना हा आकडा कोणी दाखवलेलाच नसतो म्हणून.

त्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते मी पुष्कळ वेळा वाचलं आहे. पैसे मिळाल्याची पावती एवढंच ते नसतं. त्यात हमखास एखादं वाक्य असतं: अपघात माझ्या चुकीने झाला, किंवा मी कंपनीत कामाला नव्हतो, नुसता भेटायला आलो होतो, किंवा घरी जिन्यावरून पडलो. खाली दुसरं पान असतं, तो राजीनामा. कधी कधी नुसता कोरा स्टॅम्प पेपर असतो. ईएसआयचा हक्क मालक आणि कामगार यांच्यातल्या चिठ्ठीने संपत नाही. पण तेच वाक्य पुढे शाखा कार्यालयात आणि कोर्टात पुरावा म्हणून मालक पुढे करतो, म्हणून सही नको. आधीच सही झाली असेल तरी हातपाय गाळू नका. दवाखान्यात औषधाच्या गुंगीत, मजकूर न वाचता सही घेतली असं लिहून मालकाला आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाला ताबडतोब पत्र द्या, रजिस्टर पोस्टाने. मालकाने स्वखुशीने घरखर्चाला पैसे दिले तर ते घ्यायला हरकत नाही. बँकेत टाकायला सांगा आणि बदल्यात कुठलाही कागद देऊ नका.

आता कार्डाची तारीख. तुमच्या प्रश्नातला खरा पेच हाच आहे आणि पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात तो रोजचा आहे. माणूस महिनोन्महिने काम करतो, नोंद होत नाही. अपघात झाला की त्याच रात्री किंवा सकाळी ऑनलाइन ई-पहचान कार्ड निघतं. कायद्याप्रमाणे कामगार कामाला लागल्यावर दहा दिवसांत ही नोंद व्हायला हवी. मालक उशिरा का करतो ते सरळ आहे. त्याची ३.२५ टक्के वर्गणी वाचते, आणि अपघात झाला नाही तर तो माणूस कधी कामाला होता याचा कागदच राहत नाही.

कार्डावर अपघातानंतरची तारीख असेल तर शाखा कार्यालय विचारतं, अपघाताच्या दिवशी हा विमेदार होता का? तिथे बरेच लोक माघारी फिरतात. तुम्ही फिरू नका. विमा लागू होतो तो नोकरीमुळे, कार्ड कधी काढलं यावर तो अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालयाने भारगथ इंजिनिअरिंग विरुद्ध रंगनायकी या खटल्यात हेच सांगितलं. त्यात कामगाराचा अपघाती मृत्यू झाला होता आणि नोंदणी नंतर झाली होती. मालकाने नोंदणी उशिरा केली म्हणून कामगाराच्या कुटुंबाचा लाभ बुडत नाही, असा तो निकाल आहे. शिवाय मालकाने नोंदणी किंवा वर्गणी चुकवली असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं, अशी तरतूद जुन्या १९४८ च्या कायद्यात होती आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. वसुलीची लढाई महामंडळ आणि मालक यांनी लढायची, ती तुमच्या भावाच्या डोक्यावर नाही.

संहितेचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्यापासून "ईएसआयचा कायदाच गेला, आता काही मिळत नाही" असं काही ठेकेदार मुलांना सांगू लागले आहेत. १९४८ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. महामंडळ तेच आहे, दवाखाने तेच आहेत, अपघाताचा लाभही तसाच आहे. उलट एक गोष्ट आपल्या बाजूची झाली आहे: आता प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. भोसरी, तळवडे, चाकण, कुरुळी पट्ट्यातल्या छोट्या शॉपमध्ये आजही ते मिळत नाही. तुमच्या ओळखीत जे जे ठेकेदारीत आहेत त्यांना ते लेखी मागायला सांगा. व्हॉट्सॲपवर मागितलं तरी चालेल, मागितल्याची तारीख राहते.

तर मग आठ महिने कामाला होता हे दाखवायचं कशाने? इथे थोडी मेहनत आहे आणि ती पहिल्या आठवड्यातच करायची असते. पगार बँकेत येत असेल तर पासबुक. रोख मिळत असेल तर सुपरवायझरने फोनवर पाठवलेल्या उचलीच्या नोंदी. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, त्यात "उद्या सेकंडला ये", "आज टार्गेट कमी का" असं काहीही. गेट पास, कँटीनचं कुपन, गाडीच्या पार्किंगचा पास, कंपनीच्या टी-शर्टातला दसऱ्याच्या खंडेनवमीचा मशीन पूजनाचा फोटो. हो, तो फोटोही चालतो, कारण फोनमध्ये त्याची तारीख असते. व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला काढून टाकायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. अपघातानंतर पहिलं काम ठेकेदार तेच करतो. सोबत काम करणारे दोघे-तिघे साक्ष द्यायला तयार असतील तर त्यांची नावं, गावं लिहून ठेवा. ते आज कामावर आहेत म्हणून घाबरतील. त्यांना आत्ता सही मागू नका, नुसतं लिहून ठेवा.

ठेकेदाराकडे होता म्हणून मालक हात झटकतो, तेही चालत नाही. ज्याच्या कारखान्यात काम चालतं त्याला कायदा मुख्य मालक म्हणतो, आणि ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी त्याची असते. ठेकेदाराकडून त्याने नंतर कापून घ्यावी. म्हणून प्रत्येक पत्र दोघांच्याही नावाने लिहा.

आता एक सापळा सांगतो, यात चांगली शिकलेली मुलंही अडकतात. मालक म्हणतो, "कार्ड एक तारखेला निघालंय, आपण अपघात चार तारखेला झाला असं दाखवू, म्हणजे तुला सगळं मिळेल." ऐकायला मदत वाटते. कधीही होकार देऊ नका. दवाखान्यातल्या ॲडमिशनच्या वेळा, एक्स-रेवरची तारीख, ऑपरेशनची नोंद, मेडिकलची बिलं, सगळीकडे खरी तारीख असते. शाखा कार्यालयाने कागद तपासले की तारखा जुळत नाहीत आणि खोटा दावा म्हणून कामगाराचाच अर्ज बाद होतो. मालक तेव्हा म्हणतो, त्यानेच तसं सांगितलं. खऱ्या तारखेवर अडून राहा.

दवाखान्याचे कागद हा या सगळ्याचा पाया आहे. ॲडमिशनच्या वेळी डॉक्टर हकिकत लिहितात. ती मालकाच्या माणसाने सांगितलेली असते, आणि तिथे "घरी दरवाजात बोटं सापडली" असं लिहिलं गेलेलं मी पाहिलं आहे. म्हणून आजच केस पेपरची प्रत मागा. त्यात अपघात कुठे, कशाने, किती वाजता झाला ते नीट लिहिलेलं आहे का बघा. चुकीचं असेल तर रुग्णाने स्वतः डॉक्टरांना खरी हकिकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवण्याची नोंद झाली आहे का आणि तिचा नंबर काय, ते विचारा. डिस्चार्ज कार्डावर बोट कुठल्या सांध्यापासून गेलं हे स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "बोटांना दुखापत" असं लिहिलं तर बोर्डापुढे पेरागणिक टक्के मोजताना अडचण येते. दवाखान्यात कोणी आणलं या रकान्यात कंपनीच्या माणसाचं नाव आणि सही असेल तर तो तुमचा सर्वात भक्कम कागद. अपघाताच्या वेळी हा माणूस कुठे होता, हे मालकाच्याच माणसाने लिहून दिलेलं असतं.

खासगी दवाखान्यातून सुटल्यावर पुढचे उपचार ईएसआयकडे वळवा. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना मोहननगर, चिंचवडचं कामगार विमा रुग्णालय जवळ आहे. नाहीतर कार्डावर लिहिलेला सेवा दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर. तिथून रजेचं सर्टिफिकेट चालू करायचं, आणि प्रत्येक सर्टिफिकेट संपायच्या आत पुढचं घ्यायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. गावाला जायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, पुढच्या तारखेला परत येऊन.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यात पैसे जातात. सर्टिफिकेट आजारपणाचं आहे की कामावरच्या अपघाताचं, हे बघा. आजारपणाचा लाभ ७० टक्के असतो, वर्षाला ९१ दिवसच मिळतो आणि त्याला वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले लागतात. अपघाताचा लाभ ९० टक्के, बरा होईपर्यंत, विनाअट. आणि आजारपणाच्या कागदावर मेडिकल बोर्ड बसत नाही, म्हणजे पेन्शनचा रस्ताच बंद. मालकाने अपघाताचा रिपोर्ट दिला नाही तर डॉक्टर नाइलाजाने आजारपण लिहितात. बँकेत पैसे आले म्हणून खूश होऊ नका, किती दराने आले ते मोजा.

तो रिपोर्ट म्हणजे कामगारांच्या तोंडी असलेला फॉर्म १२. अपघात कळल्यावर मालकाने तो २४ तासांत शाखा कार्यालयाला पाठवायचा असतो, आणि अवयव गेला असेल तर ताबडतोब. पाठवला नसेल तर भावाने स्वतः साध्या कागदावर मराठीत शाखा व्यवस्थापकांना अर्ज द्यावा: मी अमुक कारखान्यात अमुक तारखेपासून कामाला, अमुक दिवशी अमुक वेळी अमुक मशीनवर अपघात झाला, मालकाने रिपोर्ट दिलेला नाही, कार्डावर कामाला लागल्याची तारीख चुकीची आहे, ईएसआयच्या सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याकडून कारखान्यात चौकशी करावी. सोबत वर सांगितलेले पुरावे. एक प्रत ईएसआयच्या बिबवेवाडीच्या कार्यालयाला. दोन्हीकडे पोच घ्यायची. अधिकारी कारखान्यात जाऊन मस्टर, पगारपत्रक, गेटचं रजिस्टर बघू शकतो. तो जाईल त्या दिवशी मस्टर नवीन कोरं करकरीत लिहिलेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून तुमच्याकडचे पुरावे आधीच अर्जाला जोडलेले हवेत.

"गार्ड त्यानेच काढला होता, चूक त्याची" असं मालक म्हणेल. म्हणू दे. कामगाराने नियम मोडला असला तरी तो मालकाच्याच कामासाठी ते करत असेल, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. कामाच्या वेळात कामाच्या जागी अपघात झाला की तो कामामुळेच झाला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे दाखवणारा पुरावा दुसऱ्या बाजूने आणायचा. आणि गार्ड का काढला होता, हे शॉपमधल्या कोणालाही विचारा. तासाला नगांचं टार्गेट त्या गार्डासकट पुरं होत नाही म्हणून.

मेडिकल बोर्डापुढे जाताना जुने-नवे सगळे एक्स-रे घेऊन जा. बोट वाचलं पण वळत नाही, मूठ बसत नाही, बधिर आहे, हेही सांगायचं असतं. अवयवाचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला असेल तर तो अवयव गेल्यासारखाच धरतात. मुलं बोर्डापुढे लाजतात, "ठीक आहे साहेब" म्हणतात, आणि टक्के कमी लागतात. उजवा हात आहे, बारीक नट धरता येत नाही, बादली उचलता येत नाही, जे खरं आहे ते सांगावं. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर कळल्यापासून तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे जाता येतं, किंवा थेट कामगार विमा न्यायालयात. एकदा तर्जनीला एकाच पेराचे टक्के लावलेले अपिलात दोन पेरांचे झाले, फक्त जुना एक्स-रे दाखवल्यामुळे.

पगार २१,००० च्या वर असलेल्यांना ईएसआय लागू नाही. त्यांची भरपाई मालकाने द्यायची असते आणि दावा नुकसानभरपाई आयुक्तांकडे दोन वर्षांत करायचा असतो. ती एकरकमी असते: पगाराचा हिस्सा, वयाचा गुणक आणि अपंगत्वाचे टक्के यांवर ठरते. मात्र मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, हे लक्षात ठेवा. ओव्हरटाइम मिळवून २३-२४ हजार होतात म्हणून ईएसआयमधून बाहेर काढलेली माणसं आपल्याच भागात आहेत. आणि ज्याला ईएसआय लागू आहे त्याला त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. वकील दोन्ही मिळवून देतो म्हणाला तर दुसरा वकील बघा.

आता कारखान्याकडे. ज्या प्रेसवर त्याची बोटं गेली ती प्रेस आज चालू आहे का? बहुतेक दुसऱ्याच शिफ्टला चालू झाली असेल, त्यावर नवा मुलगा उभा असेल. म्हणून हा भाग मी पेन्शनइतकाच महत्त्वाचा मानतो.

डबल स्ट्रोक म्हणजे पेडल एकदा दाबल्यावर रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, दोनदा खाली येणं. क्लच म्हणजे चाकाची गती रॅमला जोडणारा भाग. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये त्याची की झिजलेली असते, स्प्रिंग तुटलेली असते किंवा ब्रेक सैल झालेला असतो. ऑपरेटरला हे आधी कळतं. प्रेस "उडी मारते", रॅम वर नेमक्या जागी थांबत नाही, थोडा खाली सरकतो. तो सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर म्हणतो लॉट संपू दे. त्या सांगण्याची कुठेच नोंद नसते. आपल्या लोकांना माझं एकच सांगणं आहे: तोंडी सांगू नका, शिफ्टच्या ग्रुपवर लिहा, "तीन नंबर प्रेस डबल येत आहे, मेंटेनन्सला सांगा." एवढ्या एका ओळीने नंतर फार काही बदलतं, आणि लेखी आलं की सुपरवायझरही प्रेस थांबवायला धजतो.

मालक सेन्सर बसवून दाखवतात, आणि इथे कामगारांची फसवणूक होते. पिन क्लचची प्रेस एकदा सुटली की मधे थांबूच शकत नाही, पूर्ण फेरी मारूनच थांबते. अशा प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा सेन्सर, लावला तरी रॅम खाली येताना हात आत गेला तर तो वाचवू शकत नाही. तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड, बंद डाय (साचा), जॉब आत ठेवायला चिमटा किंवा मॅग्नेट, हेच उपाय आहेत. सेन्सर कामाचा आहे तो न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसवर, जी स्ट्रोकच्या मधे थांबू शकते. दोन बटणांच्या प्रेसवर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं की कमिटीने तिथेच काम थांबवावं. आणि दोन माणसं एका प्रेसवर असतील तर बटणं दोघांना वेगवेगळी हवीत. ऑपरेटरचे दोन हात बटणावर असताना समोरच्या हेल्परची बोटं डायमध्ये असतात.

४८ तास किंवा अधिक काम बुडवणारा अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं मालकावर बंधनकारक आहे. कळवला नसेल तर तुम्ही कळवा. संचालनालयाला लेखी तक्रार द्या: मशीनचा नंबर, क्लचचा प्रकार, गार्ड होता की नाही, याआधी कोणाची बोटं गेली आहेत का. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं. तरीही आत काम करणाऱ्या मुलाच्या नावाने न देता संघटनेच्या लेटरहेडवर द्या, त्याच्यावरचा दबाव आपण घेऊ. यंत्राबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेत गुन्हाही आहे. पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ करतात, पण एमएलसी झालेली असेल तर ठाण्यात नोंद आधीच गेलेली असते, तिचा आधार घ्या.

आपल्या परमनंट मेंबरांनाही एक काम आहे. पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कापलेले दिसतात म्हणून निश्चिंत राहू नका. ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या आयपी नंबरने, म्हणजे विमेदाराच्या नंबरने, जाऊन कामाला लागल्याची तारीख, वर्गणीचे महिने आणि कळवलेला पगार बघा. हातात १८ हजार येतात आणि वर्गणी ११ हजारांवर भरलेली असते, असं असेल तर अपघाताच्या दिवशी लाभही ११ हजारांच्याच हिशोबाने निघतो. ठेकेदार बदलला की नवा आयपी नंबर काढून देतात, तेही करू देऊ नका. नंबर आयुष्यभर एकच हवा, जुना नंबर नव्या ठेकेदाराला लेखी द्या.

तुमच्या भावासाठी या आठवड्यात इतकं करा: केस पेपर आणि एक्स-रेच्या प्रती, फोनमधले स्क्रीनशॉट, शाखा व्यवस्थापकांना अर्ज, संचालनालयाला तक्रार. अर्ज लिहायला अडचण आली तर त्याला घेऊन संघटनेच्या कार्यालयात या, संध्याकाळी सहानंतर कोणी ना कोणी असतं. येताना ठेकेदाराने दिलेला तो कागदही आणा, सही न केलेला. त्यावर काय लिहिलं आहे ते शाखा कार्यालयालाही दाखवायचं आहे.